नराराचं ब्रेन कोरल वरून पांढरं पडलंय. मेलं असेल का?

जामनगरजवळच्या मरीन नॅशनल पार्कमध्ये, नरारा बेटाशी, ओहोटीला प्रवाळांमधून चालत जाता येतं. तिथे गाइडने एक ब्रेन कोरल, म्हणजे मेंदूसारखं दिसणारं प्रवाळ दाखवलं. कलिंगडाएवढं, अंगभर नागमोडी वळ्या. बाजू हिरवट-तपकिरी, पण माथा पांढराफटक. पाणी ओसरल्याने नेमका तोच भाग उघडा पडलेला, वर रणरणतं ऊन. फार वाईट वाटलं.

घरी येऊन वाचत बसले. प्रवाळ ज्या इवल्या जिवांचं बनतं त्यांना पॉलिप म्हणतात. एका पॉलिपची दोन तोंडं होतात, पण मध्ये भिंत उभी राहत नाही. तोंडांची रांग लांबत जाते आणि वळी तयार होते. वाढ वर्षाला काही मिलिमीटरच. म्हणजे हे कलिंगड माझ्या शाळकरी लेकीपेक्षा नक्कीच मोठं! पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं आणि पाणी फार तापलं की तेच बाहेर पडतं, मग प्रवाळ पांढरं दिसतं, इथवर कळलं.

पण पांढरा भाग मेलाय की जिवंत आहे, हे फोटोवरून ओळखता येईल का? मेला असेल तर खालचा भाग पुन्हा वर पसरतो का? आणि एवढ्या गढूळ पाण्यात ते मुळात तगतं कसं? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, फोटो मोठा करून वळ्यांच्या कडा बघा. पांढऱ्यावर पारदर्शक, गुळगुळीत थर दिसला तर जीव आहे. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. उष्मा आठवडेच्या आठवडे टिकला तर उपासमार होते. कडा धारदार, कोरड्या दिसत असतील किंवा वर बाहेरच्या शेवाळाची लव चढली असेल, तर तो भाग गेला.

उघडं पडणं त्यांना नवीन नाही. पॉलिप आत आकसतात, चिकट स्राव सोडतात. अंगावरचा गाळही त्याच स्रावाबरोबर निघून जातो. कडक उन्हात माथा मरतो, तरी बाजू वाढत राहतात. ओहोटीच्या पट्ट्यात अशी सपाट माथ्याची प्रवाळं बरीच दिसतात. लहान जखम कडेने भरून येते, पण शेवाळ आधी बसलं तर अवघड.

कोणी ते खोल पाण्यात हलवायला सुचवलं तर ऐकू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. तारखेसह फोटो पार्कच्या वनखात्याला द्या.

धागाकर्ती

मधोमध हिरवी लव आहे, कडेला मात्र गुळगुळीत थर दिसतोय! फोटो आजच पाठवते. खूप आभार.