तांबूच्या पोटात पाणी झालंय, एफआयपीची (मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या गंभीर आजाराची) शंका आहे. कोणत्या तपासण्या कराव्यात? मदत हवी आहे

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते आहे, कारण अर्धवट माहितीवर कुणालाच नीट सांगता येणार नाही आणि मला या आठवड्यातच ठरवायचं आहे.

तांबू आमचा बोका, देशी, वय साधारण दहा महिने. आम्ही साताऱ्याला असतो. दिवाळीनंतर त्याची नसबंदी झाली, जखमही छान भरली. त्यानंतर काही आठवड्यांनी त्याचं खाणं कमी झालं, खेळणं बंद झालं. दिवसभर फ्रिजच्या मागे बसून राहायला लागला. अंग गरम लागलं म्हणून इथल्या डॉक्टरांकडे नेलं, तर ताप १०४ च्या वर. आधी अमॉक्सिक्लॅव्ह हे अँटिबायोटिक दिलं, मग बदलून डॉक्सिसायक्लिन. सकाळी ताप उतरल्यासारखा वाटतो, संध्याकाळी परत चढतो.

मग पोट वाढायला लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाळसं धरलंय पोरानं. पण पाठीवरून हात फिरवला तर कण्याचे मणके एकेक करून लागतात, मांड्या पार उतरल्यात, आणि पोट तेवढं पाणी भरलेल्या पिशवीसारखं दोन्हीकडे लोंबतंय. वजन २.६ किलो भरलं, त्यातलं पाणी किती आणि तो किती, देव जाणे. जेवायला बोलावलं की येतो. वाटीचा वास घेतो, दोन-तीनदा ओठ चाटतो आणि तोंड फिरवून बाजूला बसतो. चिकनचं पाणी तेवढं थोडं पितो.

इथले डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांचं मुख्य काम गाई-म्हशींचं. त्यांनीच पुण्याला पाठवलं. तिथे रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टमधलं महत्त्वाचं असं: पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) २३, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी, रक्तातली प्रथिनं म्हणजे अल्ब्युमिन २.० आणि ग्लोब्युलिन ६.१, बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं द्रव्य) १.६. लिव्हरचे एन्झाइम मात्र नॉर्मल, क्रिएटिनिनही नॉर्मल. एफआयव्ही (मांजरांमधला एचआयव्हीसारखा विषाणू) आणि ल्युकेमियाची किट टेस्ट निगेटिव्ह. सोनोग्राफीत पोटात भरपूर मोकळं पाणी दिसलं, आतड्यांजवळच्या गाठी थोड्या सुजलेल्या आहेत, छातीत पाणी नाही.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, एफआयपीची दाट शंका आहे. पुढे तीन गोष्टी सुचवल्या: पोटातलं पाणी सुईने काढून तपासणं, त्या पाण्याची पीसीआर (विषाणू शोधणारी तपासणी), आणि रक्तातली कोरोना अँटिबॉडीची टेस्ट. लॅबवाल्यांनी सांगितलं की अँटिबॉडीची टेस्ट स्वस्त आहे, तीच करून टाका. पीसीआरचं सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, पैसे बरेच आणि रिपोर्टला वेळ लागतो. आणि यानंतर औषध, ज्याचा खर्च या सगळ्यापेक्षा कितीतरी जास्त.

माझी अडचण स्पष्टच सांगते. आमच्याकडे पैसे आहेत, पण मोजके आहेत. सगळ्या तपासण्याही करायच्या आणि तीन महिने औषधही द्यायचं, एवढे नाहीत. तपासण्यांवर खर्च झाला आणि औषध अर्ध्यावर सोडावं लागलं, असं मला अजिबात होऊ द्यायचं नाही. उलट, खात्री न करता एवढं महाग औषध सुरू केलं आणि आजार दुसराच निघाला तर? सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला किती टोचायचं. त्यांचाही जीव आहे त्याच्यावर, रात्री त्यांच्याच पायाशी झोपायचा. ओळखीचे एक जण म्हणाले, स्टिरॉइड चालू करा, निदान चार दिवस सुखाने खाईल.

घरात चार वर्षांची मनीही आहे, दोघांची शू-शीची ट्रे एकच. ती ठणठणीत आहे. तिला वेगळं ठेवू का? ज्यांनी यातून मांजर काढलं आहे, किंवा जे पशुवैद्य आहेत, त्यांनी कृपया सांगा: यातली कोणती तपासणी खरंच हवी आणि कोणती सोडली तर चालेल?

प्रतिसाद, ठाण्याहून

ताई, आमच्या मांजरीला गेल्या वर्षी हेच झालं होतं, तिचं वयही जवळपास एवढंच होतं. ती आज माझ्या शेजारी बसून खिडकीतल्या कबुतरांवर चरफडते आहे, हे आधी सांगते म्हणजे तुम्हाला जरा धीर येईल.

डॉक्टर मंडळी तपासण्यांचं सांगतीलच, मी घरातलं सांगते. ताप आहे म्हणून कुणीही क्रोसिन किंवा कुठलंही पॅरासिटामोल द्यायला सांगितलं तर देऊ नका, मांजराला ते विष आहे. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी देऊ नका, मागून सिरिंजने थोडं पाणी किंवा चिकनचं पाणी पाजा. ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून जखम होते. आणि खाणं पूर्ण थांबू देऊ नका. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढते आणि तो वेगळाच आजार मागे लागतो. तो ओठ चाटून बाजूला बसतो म्हणता ना, आमचीही तसंच करायची. तिला मळमळत होतं. उलटी थांबवायचं औषध दिल्यावर त्याच दिवशी थोडं खाल्लं.

औषध इंटरनेटवरच्या ग्रुपमधून मागवायला लोक सांगतील. पूर्वी तोच एक मार्ग होता, चीनमधून बिनलेबलच्या बाटल्या यायच्या आणि त्यात औषध नेमकं किती हे कुणालाच ठाऊक नसायचं. आता तरी डॉक्टरांनाच विचारा, ते कुठून मागवतात ते.

प्रतिसाद, पशुवैद्य

मी कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करतो. तांबूला मी तपासलेलं नाही, त्यामुळे डोस वगैरे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण तुम्ही रिपोर्ट नीट दिलेत म्हणून थोडं बोलता येईल.

अल्ब्युमिनला ग्लोब्युलिनने भागा. तांबूचं उत्तर ०.३३ येतं. हे गुणोत्तर ०.८ च्या वर असेल तर एफआयपी बहुधा नसतो, ०.४ च्या खाली असेल तर शंका खूप बळावते. त्यात वय एक वर्षाच्या आत, अँटिबायोटिकला दाद न देणारा ताप, कमी लिम्फोसाइट, लिव्हरचे एन्झाइम नॉर्मल असताना वाढलेलं बिलिरुबिन, आणि मागच्या काही महिन्यांत ऑपरेशनचा ताण. चित्र बरंच जुळतंय.

आता तपासण्या. प्रत्येक तपासणीच्या आधी डॉक्टरांना एकच विचारा: पॉझिटिव्ह आली तर काय करणार आणि निगेटिव्ह आली तर काय करणार? दोन्हीचं उत्तर सारखंच असेल तर ती तपासणी तूर्त राहू द्या.

अँटिबॉडीची टेस्ट या कसोटीवर पहिली बाद होते. मांजराचा कोरोना विषाणू आतड्यात राहतो, विष्ठेतून पसरतो, आणि जिथे मांजरं एकत्र राहतात तिथे तो बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो. त्यातल्या फार थोड्या मांजरांच्या शरीरात तो बदलतो आणि एफआयपी होतो. अँटिबॉडी फक्त एवढंच सांगते की विषाणूशी गाठ पडली होती. मनीचीही बहुधा पॉझिटिव्हच येईल, आणि मनी ठणठणीत आहे. स्वस्त असली तरी ते पैसे वायाच.

पोटातलं पाणी मात्र काढाच. सासूबाईंना सांगा, एकच बारीक सुई, बहुतेक मांजरांना भूलही लागत नाही, आणि हाती येणारी माहिती सगळ्यात जास्त. एफआयपीचं पाणी पिवळसर, चिकट असतं, प्रोटीन ३.५ च्या वर आणि पेशी त्यामानाने कमी. गढूळ, वास येणारं, पेशींच्या आत जंतू दिसणारं निघालं तर तो पोटातला जंतुसंसर्ग, त्याची वाट पूर्ण वेगळी. पेशी संशयास्पद दिसल्या तर लिम्फोमाचा (एक प्रकारच्या कॅन्सरचा) विचार. म्हणजे या एका तपासणीच्या उत्तरावर तुमचा पुढचा सगळा खर्च बदलतो.

त्याच पाण्यावर रिव्हाल्टा टेस्ट करून घ्या. टेस्ट ट्यूबमध्ये साधारण ८ मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात तीव्र ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब, मिसळलं की वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब हलकेच सोडायचा. थेंब विरघळून नाहीसा झाला तर निगेटिव्ह, आणि मग एफआयपी असण्याची शक्यता बरीच कमी होते. आकार धरून वरच लोंबत राहिला किंवा सावकाश खाली उतरला तर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह जंतुसंसर्गात आणि लिम्फोमातही येऊ शकते, म्हणून पेशींची तपासणी सोबत हवीच. खर्च जवळजवळ नाही.

पीसीआर चांगली तपासणी आहे, पण पाण्यावरची. रक्तावरची किंवा विष्ठेवरची नको. पाण्यात विषाणू भरपूर सापडला तर खात्री जवळजवळ पक्की. पण निगेटिव्ह आली म्हणून एफआयपी नाही असं म्हणता येत नाही. तुमच्या परिस्थितीत मी सुचवेन की काढलेल्या पाण्यातलं थोडं फ्रीझरमध्ये जपून ठेवायला सांगा. औषधाला प्रतिसाद मिळाला नाही तर ते नंतरही पाठवता येईल. कारण खरी परीक्षा औषधच घेतं. निदान बरोबर असेल तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, भूक येते, आणि पोटातलं पाणी साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. पाचेक दिवसांत काहीच फरक नाही, तर डोस आणि निदान दोन्ही पुन्हा तपासायचं. तीन महिन्यांचं औषध पहिल्याच दिवशी विकत घ्यायची गरज नाही.

औषध म्हणजे जीएस-४४१५२४, विषाणूची वाढ रोखणारं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन यांच्या गटाने २०१९ मध्ये ३१ मांजरांवरचा अभ्यास छापला, त्यातली २५ दीर्घकाळ जगली. त्याआधी हा आजार म्हणजे जवळपास मृत्यूच होता. माझ्या शिक्षणाच्या काळात आम्हाला तेच शिकवलं गेलं, म्हणून हे आकडे मला अजूनही थक्क करतात. तेव्हापासून १२ आठवड्यांचा कोर्स रूढ आहे. पण २०२४ मध्ये जर्मनीतून ४० मांजरांवरचा अभ्यास आला. पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या मांजरांना ४२ दिवसांचा कोर्स ८४ दिवसांइतकाच उपयोगी पडला. मात्र तोंडावाटे योग्य डोस, नियमित रक्ततपासणी आणि नंतर बारीक लक्ष या अटींवर. खर्चाच्या दृष्टीने तुमच्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोला. आजार डोळ्यात किंवा मेंदूत गेला असेल तर डोस वाढतो आणि हे गणित लागू होत नाही. त्यामुळे सुरू करण्याआधी डोळे नीट तपासून घ्या, चाल अडखळते का ते पाहा. रेमडेसिव्हिर हे याच औषधाचं भावंड, कोविडमुळे आपल्याकडे उपलब्ध झालं. पण ते इंजेक्शनने द्यावं लागतं आणि कातडीखाली चांगलंच चुणचुणतं. खाणाऱ्या मांजराला तोंडावाटेच बरं.

स्टिरॉइड आत्ता नको. एफआयपी त्याने बरा होत नाही, आणि आजार लिम्फोमा निघाला तर आधी दिलेल्या स्टिरॉइडमुळे तो तपासणीत लपतो. पोटातलं सगळं पाणी उपसायचाही आग्रह धरू नका. ते पुन्हा भरतं आणि त्यासोबत प्रोटीन जातं. श्वास मात्र रोज मोजा. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या वर जात असेल तर छातीत पाणी आलं का ते लगेच बघायला हवं.

मनीला वेगळं ठेवू नका. बदललेला विषाणू सहसा एका मांजराकडून दुसऱ्याकडे जात नाही. सायप्रसमध्ये २०२३ ला पसरलेला प्रकार वेगळा होता. ट्रे दोन ठेवा, रोज साफ करा, आणि तूर्त नवं पिल्लू घरात आणू नका.

पुणं वारंवार जमत नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात फोन करून विचारा. साताऱ्याहून जवळ पडेल.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मी छापूनच सोबत नेला होता. आमच्या डॉक्टरांनाही तो पटला.

पाणी काढलं. मी त्याला टॉवेलमध्ये धरून होते, सुई टोचली तेव्हा तो हलला सुद्धा नाही. सिरिंजमध्ये मधाच्या रंगाचं पाणी आलं. काचेवर थेंब टाकून सुई वर उचलली तर त्याची बारीक तार सुटली. प्रोटीन ५.८, पेशी कमी, जंतू नाहीत, संशयास्पद पेशी नाहीत. रिव्हाल्टा पॉझिटिव्ह, थेंब ट्यूबमध्ये वरच थबकला आणि मग हळूहळू खाली उतरला. डोळे तपासले, स्वच्छ आहेत. अँटिबॉडी केली नाही, पीसीआर थांबवली, सॅम्पल फ्रीझरमध्ये ठेवलंय. स्टिरॉइडला नाही म्हटलं.

जीएसच्या गोळ्या डॉक्टरांनीच मागवल्या, सध्या थोड्याच. मळमळीचं औषधही चालू आहे. आज सकाळी ताप १०२ होता, आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे त्याने वाटीतून स्वतः उचलून खाल्ले. सासूबाईंनी तिथेच बसून ते बोटाने बारीक करून दिले. पोट अजून तसंच आहे.

आता एकच विचारायचं आहे. पाणी ओसरलं की वजन आधी घटेल, मग खरं वजन वाढायला लागेल. अशा वेळी डोस कोणत्या वजनावर धरायचा?

प्रतिसाद, पशुवैद्य

चांगली बातमी. आत्ताच्या वजनावरच चालू ठेवा, पाणी ओसरून वजन घटलं म्हणून डोस कमी करू नका. दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करा आणि २.६ च्या पुढे गेलं की डॉक्टरांना कळवून डोस वाढवून घ्या. वाढत्या वयाच्या मांजरात वजन वाढतं आणि डोस तोच राहतो, मग आजार उलटायची भीती असते. रक्ताची पुढची तपासणी दोन आठवड्यांनी करा. पैसे वाचवायचे असतील तर पूर्ण पॅनेल नको; हिमोग्राम, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, बिलिरुबिन आणि एएलटी (लिव्हरचं एन्झाइम) एवढं पुरेल. रिपोर्ट आले की इथेच टाका.