होल्डिंग कंपनीचा ताळेबंद जुळतो, तरी गुडविल चुकते: प्रगत लेखाशास्त्राचा अभ्यास कसा करावा?

प्रश्न (एम. कॉम. भाग १, तालुका राजापूर)

नमस्कार. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या रत्नागिरीतील एका महाविद्यालयात एम. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि प्रगत लेखाशास्त्र, म्हणजे ॲडव्हान्स्ड अकाउंटन्सी, हा माझा विशेष विषय आहे. बी. कॉम.ला असताना या विषयाची मला कधी भीती वाटली नाही. भागीदारीची खाती, कन्साइनमेंट (विक्रीसाठी दलालाकडे पाठवलेल्या मालाचा हिशेब), कंपनीचे अंतिम हिशेब हे सारे नमुने पाठ करून आणि भरपूर सराव करून चांगल्या गुणांनी पार पडले. आता मात्र होल्डिंग कंपनी (बहुसंख्य भाग घेणारी) आणि तिची सब्सिडियरी (जिचे भाग घेतले ती) यांच्या एकत्रित ताळेबंदाशी येऊन मी अडले आहे.

ज्या उदाहरणापाशी अडले तेच येथे देते. सब्सिडियरीचे भागभांडवल १०,००,००० रुपये आहे. १ एप्रिलला तिचा राखीव निधी २,००,००० रुपये होता आणि वर्षभरात तिला १,२०,००० रुपये नफा झाला, म्हणून ३१ मार्चला राखीव निधी ३,२०,००० रुपये दिसतो. होल्डिंग कंपनीने १ ऑक्टोबरला तिचे ८० टक्के भाग ११,००,००० रुपयांना घेतले. मी भांडवल आणि राखीव निधी मिळून १३,२०,००० रुपयांचे ८० टक्के, म्हणजे १०,५६,००० रुपये काढले आणि गुडविल, म्हणजे त्या वाट्यापेक्षा जास्त मोजलेली रक्कम, ४४,००० रुपये लिहिले. पुस्तकात उत्तर ९२,००० रुपये आहे. माझा ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळतो, ही खरी अडचण आहे; न जुळता तर चूक शोधता आली असती. पाठ केलेल्या तक्त्यात कोणता आकडा कोणत्या रकान्यात जातो हे मला सांगता येते, पण तो तेथे का जातो हे सांगता येत नाही, आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला की माझी लेखणी थांबते.

दुसरा प्रश्न प्रकल्पाविषयी आहे. आमची हापूसची बाग आहे. ३१ मार्चला हिशेबाचे वर्ष संपते तेव्हा काही आंबा झाडावर असतो, काही अढीत असतो आणि काही पेट्या वाशीला दलालाकडे पोहोचलेल्या असतात. या बागेचा ताळेबंद प्रगत लेखाशास्त्राच्या नियमांनी मांडता येईल का, की हा विषय एम. कॉम.च्या प्रकल्पासाठी फारच घरगुती ठरेल?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, चिपळूण)

तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण ताळेबंद जुळूनही उत्तराविषयी शंका घेणारे विद्यार्थी मला माझ्या अध्यापनाच्या काळात फार थोडे भेटले. ताळेबंद जुळणे हा बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. प्रत्येक नावे नोंदीला तेवढ्याच रकमेची जमा नोंद केली की तो जुळतो. त्या दोन्ही नोंदी चुकीच्या ठिकाणी असल्या तरी जुळतो.

तुमच्या आणि पुस्तकाच्या उत्तरांतील फरक ४८,००० रुपयांचा आहे. हा आकडा काही क्षण नुसता पाहा. वर्षाच्या १,२०,००० रुपये नफ्याचा अर्धा भाग ६०,००० रुपये आणि त्याचे ८० टक्के ४८,००० रुपये. म्हणजे १ ऑक्टोबरनंतर सब्सिडियरीने कमावलेल्या नफ्यातील होल्डिंग कंपनीचा वाटा जेवढा, नेमकी तेवढीच तुमची चूक आहे. तो वाटा होल्डिंग कंपनीने मालक झाल्यावर कमावला, पण तुम्ही तो विकत घेतल्यासारखा धरला.

आता तक्ता बाजूला ठेवा आणि १ ऑक्टोबर या तारखेवर उभ्या राहा. त्या दिवशी सब्सिडियरीकडे काय होते? भांडवल १०,००,०००, जुना राखीव निधी २,००,००० आणि सहा महिन्यांचा नफा ६०,०००, असे एकूण १२,६०,००० रुपये. त्याचे ८० टक्के १०,०८,००० रुपये होतात. त्यासाठी ११,००,००० रुपये मोजले, म्हणून गुडविल ९२,००० रुपये. पुढच्या सहा महिन्यांतील ४८,००० रुपये एकत्रित राखीव निधीत जातात. उरलेल्या २० टक्के भागधारकांचा हिस्सा मात्र ३१ मार्चच्या स्थितीवरून काढायचा, कारण त्यांनी त्या वर्षी काही विकत घेतले नाही, ते आधीपासून तेथेच आहेत. तो १३,२०,००० रुपयांचे २० टक्के, म्हणजे २,६४,००० रुपये होतो. पडताळा असा पाहता येतो: मालमत्ता १३,२०,००० आणि गुडविल ९२,००० मिळून १४,१२,००० रुपये, दुसऱ्या बाजूस गुंतवणुकीची किंमत ११,००,०००, नंतरचा नफा ४८,००० आणि इतरांचा हिस्सा २,६४,०००, त्यांचीही बेरीज १४,१२,००० रुपये. (मालमत्तेचे पुस्तकी मूल्य हेच तिचे वाजवी मूल्य, म्हणजे बाजारात मिळेल ती किंमत, आहे असे मी येथे धरले आहे. इंड एएस १०३, म्हणजे कंपनी विकत घेण्याविषयीचे भारतीय लेखामानक, त्याप्रमाणे गणित मांडताना विकत घेतलेल्या मालमत्तेचे वाजवी मूल्य आधी ठरवावे लागते.)

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती पुस्तकातील उदाहरणांत सहसा येत नाही आणि कोकणातील विद्यार्थ्याला लगेच कळते. १,२०,००० रुपयांचे सरळ दोन भाग आपण कोणत्या आधाराने केले? नफा वर्षभर सारखा झाला, या गृहीतावर. समजा ही सब्सिडियरी आमरस डबाबंद करणारा कारखाना आहे आणि तिचा सगळा माल पाऊस सुरू होण्यापूर्वीच विकला गेला आहे. मग वर्षाचा सारा नफा १ ऑक्टोबरच्या आधीचा ठरतो, खरेदीच्या दिवशी राखीव निधी ३,२०,००० रुपये होता असे म्हणावे लागते आणि गुडविल ४४,००० रुपये येते. म्हणजे तुमचेच उत्तर! पण ते बरोबर ठरण्याचे कारण तुम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून परीक्षकाने ते बरोबर धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षेत नफा समप्रमाणात धरा असे सांगितले असेल तर तसे करावे. प्रत्यक्षात मात्र त्या तारखेपर्यंतचे अंतरिम हिशेब मागावेत.

न कमावलेल्या नफ्याचेही असेच आहे. सब्सिडियरीने किमतीवर २५ टक्के नफा चढवून होल्डिंगला माल विकला आणि त्यातील १,००,००० रुपयांचा माल वर्षअखेर पडून राहिला, तर त्यातील २०,००० रुपये मालसाठ्यातून पूर्ण काढायचे. एका घरातल्या दोघांनी एकमेकांना आंबे विकले म्हणून घरात पैसा आला असे होत नाही. विकणारी सब्सिडियरी असल्यामुळे त्यातील १६,००० रुपये होल्डिंगच्या वाट्यातून आणि ४,००० रुपये इतर भागधारकांच्या हिश्श्यातून वजा होतात. नियम पाठ करण्यापूर्वी हा नफा कोणाकडून कोणाकडे गेला ते मराठीत एका वाक्यात लिहून काढा. माझे विद्यार्थी वहीच्या डाव्या पानावर असे वाक्य लिहीत आणि मगच उजव्या पानावर गणित मांडत.

उत्तर २ (एम. कॉम. भाग २, मालवण)

सरांच्या म्हणण्याला विरोध नाही, परंतु परीक्षेच्या खोलीत वेळ थोडा असतो आणि तेथे तक्त्याची सवय नसेल तर समजलेले गणितही अपुरे राहते. मी गेल्या वर्षी प्रत्येक गणित दोनदा सोडवत होतो, एकदा घड्याळ न लावता आणि आठवड्याने घड्याळ लावून. कोणते गणित सोडवायचे हे निवडतानाही मी आधी खरेदीची तारीख पाहत असे. वर्षाच्या पहिल्या दिवशी खरेदी, वर्षाच्या मध्ये खरेदी आणि दोन टप्प्यांत खरेदी, अशी तीन प्रकारची गणिते आलटून पालटून घेतली की तक्ता आपोआप हातात बसतो. पाठांतराला मी दोष देणार नाही. ते समजल्यानंतर करावे, एवढेच.

उत्तर ३ (चार्टर्ड अकाउंटंट, कुडाळ)

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. बागेचा विषय मुळीच घरगुती नाही. इंड एएस ४१ हे संपूर्ण लेखामानक शेतीसाठीच आहे आणि हापूसची बाग हे त्याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण आहे, कारण एकाच झाडावर दोन मानके लागू होतात. कलम हे वर्षानुवर्षे फळ देणारे झाड, म्हणजे बेअरर प्लांट. ते स्थिर मालमत्तेच्या मानकात, इंड एएस १६ मध्ये, यंत्रासारखे धरायचे: पीक धरू लागेपर्यंतचा लागवडीचा आणि जोपासनेचा खर्च त्याच्या किमतीत मिळवायचा आणि त्यानंतर त्यावर घसारा काढायचा. त्याच कलमावर लटकणारा आंबा मात्र जैविक मालमत्ता ठरतो आणि त्याचे मूल्य वाजवी मूल्यातून विक्रीखर्च वजा करून काढायचे. आंतरराष्ट्रीय मानकात हा फरक २०१४ मधील दुरुस्तीने आला. त्याआधी झाडाचेही वाजवी मूल्य काढावे लागे, आणि जुनी कलमे दरवर्षी बाजारभावाने मोजायची कशी, हा प्रश्न साऱ्या जगातल्या बागायतदारांपुढे होता.

घरी दलालाची पट्टी असेलच. बाबांकडून गेल्या हंगामाची एक मागून घे आणि नीट वाच. दलाल पेट्यांची संख्या, भाव आणि खाली हमाली, तोलाई, दलाली असेल ती कपात लिहून निव्वळ रक्कम पाठवतो. बी. कॉम.ला कन्साइनमेंटमध्ये आपण ज्याला अकाउंट सेल्स म्हणून शिकतो, ती हीच पट्टी. दलालाकडे पोहोचलेली पेटी विकली गेलेली नसते. ती विकली जाईपर्यंत तुमचाच मालसाठा असतो. ३१ मार्चला वाशीत पडून असलेल्या पेट्या विक्रीत धरणे ही मी बागायतदारांच्या वह्यांत सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

आता आकडे घेऊ, केवळ समजण्यासाठी. समजा वाशीत पेटीचा भाव ४,००० रुपये, बागेपासून वाशीपर्यंतची वाहतूक १५० रुपये आणि दलाली वगैरे विक्रीखर्च ३५० रुपये. पॅकिंगचा खर्च सोपेपणासाठी सोडून देऊ. वाहतूक हा विक्रीखर्च नव्हे. ती वाजवी मूल्य ठरवतानाच वजा होते, म्हणून बागेतील वाजवी मूल्य ३,८५० रुपये, आणि त्यातून ३५० गेल्यावर तोडणीच्या वेळचे मूल्य ३,५०० रुपये. तोडणीनंतर इंड एएस ४१ चे काम संपते आणि मालसाठ्याचे मानक, इंड एएस २, सुरू होते. ३,५०० रुपये हीच मालसाठ्याची किंमत धरली जाते. पेटी वाशीला गेली की वाहतुकीचे १५० मिळवून ती ३,६५० होते. आता निव्वळ वसुली मूल्य काढून पाहा: ४,००० वजा ३५०, म्हणजे तेही ३,६५०. भाव स्थिर राहिला तर दोन्ही आकडे तंतोतंत मिळतात. एप्रिलमध्ये भाव पडण्याची चिन्हे असतील तर निव्वळ वसुली मूल्य खाली येते आणि मग तेच धरावे लागते.

एक मर्यादा प्रकल्पात स्पष्ट लिही. इंड एएस कंपन्यांना लागू होतात. १ एप्रिल २०१६ पासून ते प्रथम ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ मूल्याच्या कंपन्यांना बंधनकारक झाले. तुमच्या कुटुंबाच्या बागेवर ते बंधनकारक नाहीत. म्हणून हा हिशेब अभ्यासासाठी मांडला आहे असे म्हण आणि बाबांची सध्याची वही व हा ताळेबंद यांत कोठे फरक पडतो ते दाखव. मानकांचा मूळ मजकूर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आणि चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. मार्गदर्शिकेपेक्षा तो आधी वाच. इंग्रजी जड वाटले तरी व्याख्या मूळ शब्दांतच वाच.

प्रश्नकर्ती

सर, आपण सांगितल्याप्रमाणे डाव्या पानावर वाक्य लिहून तेच गणित पुन्हा सोडवले. नंतर खरेदीची तारीख १ ऑक्टोबरऐवजी १ जानेवारी करून पाहिले. नऊ महिन्यांचा नफा ९०,००० रुपये धरला तर खरेदीच्या दिवशीची मालमत्ता १२,९०,००० आणि तिचे ८० टक्के १०,३२,००० रुपये होतात. त्यामुळे गुडविल ६८,००० आणि नंतरच्या नफ्यातील वाटा २४,००० रुपये आला. इतरांचा हिस्सा २,६४,००० रुपयेच राहिला, आणि तो का बदलला नाही हे मला या वेळी कोणाला न विचारता सांगता आले.

ताई, काल बाबांकडून पट्ट्यांची फाइल घेतली. त्यात एका पट्टीवर वाहतूकही दलालानेच भाड्याच्या रूपाने कापलेली दिसते. ती रक्कम विक्रीखर्चात न धरता वेगळी काढायची, असे मी समजते. हे बरोबर आहे का?

उत्तर ४ (चार्टर्ड अकाउंटंट, कुडाळ)

बरोबर आहे. पैसे कोणी कापले यावर ते ठरत नाही. खर्च माल बाजारापर्यंत नेण्याचा आहे की विकण्याचा, हे पाहायचे. त्या पट्टीवरची भाड्याची ओळ वेगळ्या रकान्यात घे आणि बाकीच्या कपातींची बेरीज विक्रीखर्चात ठेव. झाडावरच्या आंब्यासाठी ३१ मार्चच्या आसपासच्या पट्ट्या निवड, मे महिन्याच्या नकोत.