मोठ्या माणसांना 'जीवनकौशल्यं' वेगळा तास लावून शिकवायची का?

रात्रवर्ग

नऊ वर्षं संध्याकाळचे प्रौढवर्ग घेते आहे. आता माझं मत पक्कं झालंय: संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, ताण कसा हाताळावा, असे वेगळे तास बंद करावेत. जे शिकवायचं ते माणसाच्या कामाच्या पोटातूनच शिकवावं.

एका तुकडीत पंचेचाळिशीचे एक गृहस्थ होते. वाचायची वेळ आली की म्हणायचे, "चष्मा घरी राहिला." तिसऱ्या आठवड्यात मी दुसऱ्याचा चष्मा मागून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घातला, कागद समोर धरला आणि नुसते बसून राहिले. चारचौघांत मी त्यांना उघडं पाडलं होतं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. याच माणसाने 'आत्मविश्वास' या विषयावरचे चार तास मान डोलावत ऐकले होते.

पुढच्या खेपेला सगळ्यांना आपापलं पगारपत्रक आणायला सांगितलं. एकेक ओळ बोट ठेवून वाचली: मूळ पगार, कपात, ओव्हरटाइम. त्यांच्या लक्षात आलं की ओव्हरटाइमचे सहाच तास लागलेत, भरलेत दहा. मग वर्गात तालीम केली. मी साहेब झाले. पहिल्यांदा ते ओरडले, दुसऱ्यांदा गप्प बसले. तिसऱ्यांदा म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं आहेत का? या ओळीत सहा लिहिलेत, माझ्या वहीत दहा आहेत." वाचन, हिशोब, बोलणं, धीर, सगळं त्या एका कागदावर झालं.

प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी हेच मांडलं होतं. मोठ्या माणसाला आधी 'हे कशासाठी' ते कळावं लागतं. तो अनुभवाची शिदोरी घेऊन येतो आणि विषयापेक्षा अडचणीभोवती शिकतो. आपण मात्र त्याच्यापुढे विषयांचं वेळापत्रक ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यांची यादी घ्या. 1990च्या दशकात ती शाळकरी मुलांच्या शिक्षणासाठी मांडली गेली. तीच आपण चाळिशीच्या माणसांपुढे जशीच्या तशी वाचतो.

दुसरी पाळी

ताई, चष्म्याचा प्रसंग वाचून मीही चरकलो. पण निष्कर्ष पटला नाही. मी कारखान्यात प्रशिक्षण देतो, तिथला अनुभव सांगतो.

पगारपत्रकावर शिकलेलं पगारपत्रकालाच चिकटून राहतं. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1901 मध्येच दाखवलं होतं की एका कामात आलेली सुधारणा दुसऱ्या कामात आपोआप जात नाही, दोन्हींत सारखं काही असेल तेवढीच जाते. तुमच्या गृहस्थांनी 'आधी वेळ मागायची, मग पुरावा दाखवायचा' ही युक्ती वापरली. ते त्यांना कळलंय का? की त्या दिवशी साधलं, एवढंच?

शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये मांडलेलं शिकण्याचं चक्र आठवा: अनुभव, त्यावर विचार, त्यातून सूत्र, मग नवा प्रयोग. तुमच्या वर्गात पहिली पायरी आहे आणि शेवटचीही आहे. मधल्या दोन पायऱ्यांना शांत जागा आणि वेगळा वेळ लागतो. तोच तर वेगळा तास!

आणि नोल्स यांचं म्हणाल, तर त्यांनी 1970 मध्ये मुलांचं आणि मोठ्यांचं शिक्षण समोरासमोर उभं केलं होतं. 1980 च्या सुधारित मांडणीत त्यांनीच ती एका रेषेची दोन टोकं मानली. अगदी नवख्या गोष्टीत मोठ्या माणसालाही कुणीतरी सरळ सांगितलेलं हवं असतं.

उशिरा आलेली

मी बाकाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. बारा वर्षांच्या खंडानंतर नोकरी शोधताना असा कोर्स केला. 'वेळेचं नियोजन' शिकवणाऱ्या मुलाने वर्तुळ काढायला लावलं आणि विचारलं, "दिवसातले किती तास वाया जातात?" मी पहाटे साडेचारला उठत होते, घरात आजारी माणूस होतं. वर्तुळात झोपेचा तुकडा सोडून मोकळं काही उरलंच नाही. तो म्हणाला, "नीट विचार करा." एवढी वर्षं मी जे निभावलं तेच नियोजन होतं, ते कुणी विचारलंच नाही.

पण त्याच कोर्समधल्या मुलाखतीच्या सरावाने मला नोकरी मिळाली. खोटी मुलाखत, तीन वेळा, दर वेळी नवा प्रश्न. तिथे चुकले तरी काही बिघडत नव्हतं. म्हणून वेगळा तास सरसकट बंद करा, असं मी म्हणणार नाही.

खडूची धूळ

तुम्ही सगळे 'कसं शिकवायचं' यावर बोलताय. काय शिकवायचं हे कोण ठरवतं? शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी 1963 मध्ये ब्राझीलमधल्या अँजिकोस इथे सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत लिहायला-वाचायला शिकवायचा प्रयोग केला. शब्द त्या लोकांच्या रोजच्या जगण्यातून निवडले होते आणि त्या शब्दांवर आधी चर्चा व्हायची. आपल्या अभ्यासक्रमात मात्र मालकाला हवं तेच 'कौशल्य'. बारा तास राबवून घ्यायचं आणि वर 'ताण हाताळायला' शिकवायचं! ओव्हरटाइम बुडाला तर तो मागणं हे संवादकौशल्यात कुठे लिहिलेलं असतं?

दुसरी पाळी

@खडूची धूळ, प्रश्न खरा आहे. पण ज्याला पुढच्या महिन्यात काम हवंय त्याला वेळेवर पोचणं, निरोप नीट पोचवणं, सूचना समजली नाही तर पुन्हा विचारणं हेही लागतंच. पुन्हा विचारायला शिकलेला माणूसच उद्या हक्काचंही विचारतो.

रात्रवर्ग

@दुसरी पाळी, तुमच्या मधल्या दोन पायऱ्या मनात घोळत होत्या. खरं सांगते. त्याच गृहस्थांनी नंतर बँकेचा फॉर्म आणला आणि पुन्हा म्हणाले, "चष्मा राहिला." पगारपत्रकावर जे जमलं ते फॉर्मवर वापरता येईल हे त्यांना मी कधी दाखवलंच नव्हतं. तुमचं तेवढं मान्य. आता प्रत्येक सरावानंतर वीस मिनिटं राखते: आत्ता आपण काय केलं, आणि हे आणखी कुठे चालेल? पण ती त्या कामाला जोडूनच. भिंतीवर 'आत्मविश्वास' लिहून तास मी आता घेणार नाही.

दुसरी पाळी

वीस मिनिटं चांगली, पण एकदाच नकोत. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मोजलं होतं: शिकलेलं पहिल्या दिवसातच झपाट्याने ओसरतं. आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा विचारायला हवं.

रात्रवर्ग

तुकडी सहा आठवड्यांत संपते. पुढे महिन्याने बोलावलं तर पाळी बुडवून कोण येणार? तुमच्याकडे कामाच्या वेळेत तास मिळतो?

दुसरी पाळी

पाळीच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं मिळतात, हजेरीत धरलेली. पण ती आपणहून कुणी दिली नाहीत. लोकांनी एकत्र जाऊन मागितली, आणि काय बोलायचं याची तालीम आधी माझ्याच तासाला झाली होती.