सिरियन वंशाचे अमेरिकन आणि इंग्रज वंशाचे अमेरिकन: पुढे कोण, आणि कशामुळे?

रानवारा (धागाकर्ता)

अमेरिकेत जनगणना खातं लोकांना त्यांचं मूळ विचारतं. पूर्वज कुठले, ते ज्याचं त्याने लिहायचं. त्या उत्तरांवरून उत्पन्न, शिक्षण, दारिद्र्य, घरमालकी, घटस्फोट असे तक्ते तयार होतात. त्यातले इंग्रज मूळ आणि सिरियन मूळ हे दोन रकाने मी सध्या शेजारी ठेवून वाचतोय. वाचावं तसं माझं मत पक्कं होत चाललंय: कुटुंबाची घडण आणि धंद्याची वृत्ती यांना आपण अशा चर्चांमध्ये फारच कमी किंमत देतो.

इंग्रज १६०७ पासून तिथे आहेत. भाषा त्यांची, कायदा त्यांचा, जमीनही आधी त्यांच्या हातात गेली. सिरियन आले ते १८८० नंतर, ऑटोमन साम्राज्यातल्या सिरियातून. बहुतेक ख्रिश्चन, बहुतेक खेड्यातले, इंग्रजीचा गंध नाही. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला वॉशिंग्टन स्ट्रीटवर त्यांनी बस्तान बसवलं, त्या वस्तीला लोक लिटल सिरिया म्हणत. तिथले घाऊक व्यापारी नव्या माणसाला उधारीवर माल द्यायचे. सुया, दोरे, बटणं, लेस, जपमाळा, लाकडी क्रूस. हे सगळं भरलेलं गाठोडं, त्यांच्या भाषेत ‘कश्शा’, पाठीवर टाकून माणूस शेतवाड्यांवर दारोदार फिरायचा. बायकासुद्धा फेरीला जायच्या. उधारी फिटली की दुकान टाकायचं, आणि मग गावाकडून आलेल्या पुढच्या माणसाला स्वतः उधारी द्यायची. जामीन काय, तर गावाचं नाव.

आता २००० च्या जनगणनेतले आकडे बघा. अरब मुळाच्या प्रौढांमध्ये पदवीधर ४१ टक्के, देशात २४ टक्के. कौटुंबिक उत्पन्न देशाच्या मध्यापेक्षा (म्हणजे ज्याच्या वर निम्मी कुटुंबं आणि खाली निम्मी, त्या आकड्यापेक्षा) जास्त, आणि सिरियन-लेबनीज कुटुंबांचं तर अरब मध्याच्याही वर. हे फक्त अमेरिकेतच घडलं असं नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या २५ दे मार्सो रस्त्यावर याच लोकांनी फेरीवाल्यापासून कापडाच्या पेढीपर्यंत मजल मारली. अर्जेंटिनात १९८९ ते १९९९ राष्ट्राध्यक्ष असलेल्या कार्लोस मेनेम यांचे आईवडील सिरियातले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, निकाल एकच. याला नुसता योगायोग म्हणायचं का?

चाफा

सहमत. स्टीव्ह जॉब्जचे जन्मदाते वडील सिरियातल्या होम्स शहरातले, हे कसं राहिलं?

गणिती

चाफा, जॉब्ज दत्तक गेले. पॉल आणि क्लारा जॉब्ज यांच्या घरी, कॅलिफोर्नियात वाढले. सिरियन घराचे संस्कार त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत, त्यामुळे हे उदाहरण धाग्याच्या विरुद्ध जातं. आणि जन्मदाते वडील अमेरिकेत आले ते उच्च शिक्षणासाठी. कोण येतं, हा मुद्दा तिथेच सुरू होतो.

रानवारा, तुम्ही ज्या रकान्यांवर इमारत उभी केलीत ते रकाने आधी तपासू या, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे.

१९८० मध्ये मुळाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. इंग्रज मूळ सांगणारे निघाले ४ कोटी ९६ लाख. १९९० मध्ये ३ कोटी २७ लाख. दहा वर्षांत जवळजवळ एक कोटी सत्तर लाख इंग्रज गेले कुठे? ना साथ आली, ना लोक देश सोडून गेले. प्रश्नाखाली उदाहरणं छापलेली असतात. १९८० च्या उदाहरणांत ‘इंग्लिश’ होतं, १९९० मध्ये ते गाळलं. त्याच वेळी ‘केजन’ हे लुइझियानातल्या फ्रेंच भाषकांचं नाव उदाहरणांत आलं आणि केजन दहा हजारांच्या आसपास होते ते ६ लाख ६८ हजार झाले. २०२० मध्ये गोऱ्यांना मूळ लिहायला जागा दिली, उदाहरणांत ‘इंग्लिश’ होतं, आणि संख्या ४ कोटी ६६ लाखांवर गेली. फॉर्मवरच्या एका शब्दाने कोट्यवधी माणसं आत-बाहेर होत असतील, तर त्या रकान्याच्या सरासरीला समाजाचा स्वभाव कसं म्हणायचं?

शिवाय बाहेर कोण राहतं ते बघा. केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ पट्ट्यात लाखो लोक मूळ म्हणून सरळ ‘अमेरिकन’ लिहितात. त्यातल्या पुष्कळांचे पूर्वज ब्रिटनमधलेच, पण ते आता दहा-बारा पिढ्या मागे गेले. हा देशातला गरीब पट्टा आहे. उलट युटामध्ये इंग्रज मूळ लिहिणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त, कारण एकोणिसाव्या शतकात मॉर्मन पंथ स्वीकारलेले इंग्रज तिथे थेट जाऊन वसले आणि तो पंथ वंशावळी जपतो. म्हणजे ‘इंग्रज’ रकान्यात इंग्रजांचे सगळे वंशज नसतात. ज्यांना आठवण आहे आणि जे ती लिहितात, तेवढेच असतात.

सिरियन रकान्याचंही तेच. तुमचा कश्शावाला बहुधा आजच्या लेबनॉनमधल्या डोंगरातला. तेव्हा तो स्वतःला सिरियन म्हणायचा. १९४३ मध्ये लेबनॉन स्वतंत्र झाला, आणि त्याचा पणतू आज ‘लेबनीज’ लिहितो. २०२० मध्ये लेबनीज ६ लाख ८५ हजार, सिरियन २ लाख २२ हजार. तुम्ही गोष्ट सांगताय एकाची आणि आकडे वाचताय दुसऱ्याचे.

रानवारा

गणिती, रकान्याच्या कडा धूसर आहेत हे मान्य. पण लेबनीज घ्या, सिरियन घ्या, की दोन्ही एकत्र घ्या, २००० च्या अहवालात दोघेही वरच होते. नाव बदललं म्हणून उधारीची साखळी खोटी ठरत नाही. ती माणसं लिहितावाचता जेमतेम येणारी होती. पदवीधर निवडून आणले म्हणून प्रगती झाली, हे स्पष्टीकरण १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्यांना लागू पडेल, पहिल्या लाटेला पडत नाही. त्याचं उत्तर द्या.

ताम्हिणी

पहिल्या लाटेचं उत्तर बरंचसं कायद्यात आहे आणि ते आपल्या लोकांनी तरी विसरू नये.

तेव्हाच्या कायद्याने ‘गोरी मुक्त व्यक्ती’ किंवा आफ्रिकन वंशाची व्यक्ती असेल तरच परदेशातून आलेल्याला नागरिकत्व मिळे. दक्षिण कॅरोलिनातला जॉर्ज डाउ हा सिरियन माणूस खालच्या कोर्टात हरला. १९१५ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला: सिरियन गोरे आहेत. आठ वर्षांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस गोरा नाही असं ठरवलं. थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती, त्याचा उपयोग झाला नाही. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा अनेक हिंदी लोकांचं ते काढून घेण्यात आलं. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मिळालं होतं, कारण पारशी हे हिंदूंहून वेगळे आणि गोरे, असं कोर्टाने मानलं.

याचा पैशाशी संबंध असा. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेश्याला शेतजमीन विकत घेता येत नसे. सिरियन माणूस घेऊ शकत होता, पंजाबी शेतकरी नाही. दोघेही खेड्यातले, दोघेही कष्टाळू, दोघांकडे भाऊबंदांचं जाळं. एकाने मुलांसाठी मालमत्ता मागे ठेवली. दुसऱ्याला जमीन दुसऱ्याच्या नावावर करून आयुष्यभर विश्वासावर जगावं लागलं. हिंदी लोकांना १९४६ मध्ये नागरिकत्व खुलं झालं तोवर एक पिढी संपली होती.

उधारीची साखळी होती, हे मी नाकारत नाही. पण तिच्या टोकाला दुकान किंवा जमीन स्वतःच्या नावावर होणार की नाही, हे कोर्ट ठरवत होतं.

बारामती_ते_बोस्टन

ताम्हिणी, फार महत्त्वाचा प्रतिसाद.

रानवारांचा ब्राझील-अर्जेंटिनाचा मुद्दा वरवर वजनदार वाटतो, म्हणून त्यालाच उत्तर देतो. ऑस्ट्रेलिया घ्या. तिथे जुने लेबनीज फेरीवाले आणि दुकानदार होते, त्यांचं उत्तम चाललं. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली, १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाने अटी सैल करून हजारो लोकांना घेतलं. ते सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहिले. कारखाने बंद पडत होते तो काळ. पुढे कित्येक वर्षं त्यांच्यात बेकारी देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट राहिली. देश तोच, जेवण तेच, लग्नाच्या चालीरीती तशाच. आले ती परिस्थिती मात्र वेगळी होती.

आणि आपल्याबद्दल. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास म्हणतं की अमेरिकेत भारतीयांचं उत्पन्न सर्वांत जास्त, म्हणजे आपले संस्कारच तसे. मला तिथे बसवत नाही. एच-वन-बी व्हिसाला पदवी लागते. आयआयटी, सीओईपी, व्हीजेटीआयमधून निघालेली माणसं एका देशात नेऊन ठेवली आणि त्यांचं उत्पन्न जास्त निघालं, यात आश्चर्य काय? बारामतीचं सरासरी उत्पन्न काढताना फक्त डॉक्टर मोजण्यातला हा प्रकार आहे. माझे चुलत भाऊ माझ्याच घरातले, त्यांच्यावर संस्कारही तेच. ते ऊस लावतात आणि कारखान्याच्या बिलाची वाट बघतात.

रानवारा

बारामतीकर, ऑस्ट्रेलियात आलेल्या दोन लाटांमध्ये धर्म आणि गावं यांतही फरक होता, तेव्हा ‘सगळं तेच’ म्हणता येणार नाही. आणि मी रक्ताबद्दल बोलत नाहीये, हे पुन्हा सांगतो. मी सवयीबद्दल आणि विश्वासाबद्दल बोलतोय. त्या गोष्टी शिकता येतात, म्हणून तर त्यांचं मोल जास्त.

डेट्रॉइटकर

मी या लोकांच्यात राहतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

२००० च्या ज्या अहवालातून रानवारांनी ४१ टक्के पदवीधर घेतले, त्याच अहवालात अरब मुळाच्या लोकांमधलं दारिद्र्य १६.७ टक्के आहे आणि देशाचं १२.४. जास्त शिकलेले आणि जास्त गरीब, दोन्ही एकाच वेळी. कारण एका नावाखाली दोन वेगळे समूह आहेत, आणि सरासरी त्या दोघांपैकी कुणाचंच चित्र दाखवत नाही. सिरियन आणि लेबनीज तेव्हा त्या दारिद्र्यातून बरेचसे बाहेर होते. पण ते चित्र युद्धाच्या आधीचं.

१९६५ च्या कायद्यानंतर दमास्कस आणि अलेप्पोच्या विद्यापीठांतून डॉक्टर, इंजिनिअर आले. माझ्या भागातल्या कितीतरी हृदयरोगतज्ज्ञांची मुळं तिथली. २०११ नंतर युद्ध. २०१६ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने १२,५८७ सिरियन निर्वासित घेतले, त्यातले पुष्कळ मिशिगन, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या आदेशाने दार बंद झालं आणि २०१८ मध्ये आकडा ६२ वर आला.

तेव्हा निर्वासित कुटुंब उतरायचं ते विमानाचं भाडं कर्ज म्हणून नावावर घेऊनच. बिनव्याजी, पण फेडायचं. पुनर्वसनाची पहिली मदत ९० दिवसांची असायची. माझ्या खालच्या मजल्यावर असं एक कुटुंब राहायला आलं. नवरा तिकडे दंतवैद्य. इथे परवान्यासाठी परीक्षा, पुन्हा शिक्षण, त्याची फी. तो गोदामात रात्रपाळीला खोकी लावायचा आणि सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या मांडून बसायचा. चार मुलं, मिळवता एक. जनगणनेच्या तक्त्यात तो आणि तो हृदयरोगतज्ज्ञ एकाच ओळीत, ‘सिरियन’.

इंग्रज मूळवाल्यांशी घरमालकीची तुलना करताना वय विसरू नका. त्या रकान्यात म्हातारी माणसं खूप, चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली घरं, कर्ज फिटलेलं. आणि उत्पन्न बघताना राज्य बघा. सिरियन न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात जास्त. तिथल्या पगाराचा अर्धा भाग भाड्यात जातो असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. मेन राज्यात जुन्या घरात राहणाऱ्या विधवेच्या उत्पन्नाशी त्या पगाराची तुलना करून काय हाती लागणार?

चाफा

डेट्रॉइटकर, एक विचारते. त्या दंतवैद्याला जुन्या सिरियन लोकांनी मदत केली का? रानवारांचा सगळा मुद्दा त्यावर आहे.

गणिती

चाफांचा प्रश्न नेमका आहे. उत्तर येईपर्यंत पहिल्या लाटेबद्दल एकच भर: त्या फेरीवाल्यांतले बरेच जण परत गेले. ज्यांचं जमलं नाही ते माउंट लेबनॉनला परतले आणि अमेरिकेच्या कुठल्याच रकान्यात राहिले नाहीत. १९२४ च्या कायद्याने सिरियाला वर्षाला १०० माणसांचा कोटा दिला, म्हणजे मागून गरीब येणंही थांबलं. टिकले त्यांचीच नातवंडं आपण मोजतोय.

डेट्रॉइटकर

चाफा, मदत केली, पण जुन्यांनी नाही. इथले जुने सिरियन ख्रिश्चन, तिसऱ्या-चौथ्या पिढीतले, अरबी विसरलेले. त्यांचा याच्याशी संबंध आला नाही. ज्यांनी केली ते याच्यासारखेच दोन-तीन वर्षं आधी आलेले. त्यांच्यात ‘जमईया’ असते, आपली भिशीच. दहा कुटुंबं, महिन्याला ठरलेली रक्कम. याची गरज बघून याचा नंबर आधी लावला आणि त्यातून परीक्षेची फी भरली गेली. तेव्हा रानवारा, तुमची उधारीची साखळी मी डोळ्यांनी बघितली आहे.

पण पास झाल्यावर पुढच्या शिक्षणाचा खर्च जमईयाच्या आवाक्यातला नव्हता. त्याने दंतचिकित्सकाचा सहायक म्हणून नोकरी धरली, अजून तीच करतो.

रानवारा

डेट्रॉइटकर, आभार. माझ्यासाठी त्या दहा कुटुंबांचा विश्वास हाच या धाग्याचा गाभा आहे. कायद्याने दार उघडलं तरी आत गेल्यावर पहिला पैसा कुणी तरी द्यावाच लागतो, आणि तो कुठल्या समाजात मिळतो, कुठे नाही, हा फरक मी मोडीत काढणार नाही. मार्च २०२४ मध्ये मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा स्वतंत्र गट अमेरिकी सरकारने मान्य केलाय. २०३० च्या जनगणनेत तो आला, तर २०१६ ला आलेल्यांची मुलं तोवर कॉलेजात असतील. त्यांचे आकडे घेऊन मी पुन्हा धागा काढेन.

ताम्हिणी

जरूर काढा. फक्त त्या वेळी २०१७ ला दार बंद झाल्यामुळे जे तुर्कस्तानात आणि जॉर्डनच्या छावण्यांत अडकले, त्यांच्या मुलांचे आकडेही सोबत आणा. समाज तोच आहे.