मदत हवी आहे : नळदुर्गचा धबधबा चालू असताना वडिलांना न्यायचंय, गुडघ्यांचा त्रास आहे

नमस्कार मंडळी, मी लातूरची. अण्णांना (वडील, वय ७६) घेऊन नळदुर्गला जायचंय, आणि नर-मादी (किल्ल्यातले ते दोन धबधबे) वाहत असतानाच जायचंय, म्हणून तिकडच्या लोकांनी जरा सविस्तर सांगा ही विनंती.

एवढं का विचारायलेय ते आधी सांगते. अण्णा एसटीत कंडक्टर होते, उमरगा डेपोला, सर्व्हिसमधली बरीच वर्षं उमरगा-सोलापूर लाईनवरच गेली. येणेगूर, जळकोट, नळदुर्ग, अणदूर, इटकळ हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ आहे. पावसाळ्यात रविवारी अर्धी गाडी नळदुर्गला रिकामी व्हायची, लोक डबे घेऊन, पोरं कडेवर घेऊन धबधबा बघायला उतरायचे, अण्णा खाली उतरून म्हाताऱ्या माणसांना हात द्यायचे आणि डबल बेल देऊन पुढं. इतक्या लोकांना तिथं उतरवलं पण स्वतः एकदाही धबधबा बघितला नाही. सुट्टी मिळायची ती आमच्या शाळेत नाहीतर शेतात जायची, नंतर आईचं आजारपण आलं, राहिलं ते राहिलंच.

मागच्या मे महिन्यात भाऊ सुट्टीवर आला होता म्हणून गडबडीत नेलं त्यांना. पाणी नव्हतंच, बोरी नदीत नुसते दगड. पाणी महालात उतरायच्या पायऱ्यांवर अण्णांनी एक हात भिंतीला लावला, दुसरा माझ्या खांद्यावर, तिसऱ्या पायरीवर गुडघा असा धरला की पाय ना खाली टेकेना ना वर येईना. तिथंच बसवलं त्यांना. ऊन मी म्हणत होतं पण दगड गार होता, त्यावर तळहात ठेवून बसले थोडा वेळ आणि म्हणाले, चला, गाडीची वेळ झाली. गाडी आमचीच होती, वेळ कसली. तेव्हापासून माझ्या डोक्यातनं जात नाही ते.

तर विचारायचं असं की पाणी नक्की कधी सुटतं, पाऊस झाला की लगेच का अजून कशावर आहे. आणि पाणी महालात न उतरता वरनं धबधबा नीट दिसतो का, दरवाज्यापासून किती चालावं लागतं, मधे बसायला जागा आहे का. मी १७ सप्टेंबरची, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी धरून दोन दिवस काढायचं म्हणतेय, औसा, तुळजापूर, नळदुर्ग असं जायचं, औशाचा भुईकोट वाटेवर आहे पण तो लातूरहून कधीही होतो म्हणून सोडून देणार. मुक्काम तुळजापूरला बरा का नळदुर्गला? परत येताना तेर करावं असं भाऊ म्हणतोय, त्याला इतिहासाची आवड आहे, पण अण्णांची दगदग होईल का?

प्रतिसाद
ताई, मी तुळजापूरचा, दर पावसाळ्यात नळदुर्गला दोनतीन चकरा असतात. पहिलं म्हणजे नुसत्या पावसावर जाऊ नका. वरच्या अंगाला बोरी धरण आहे, ते भरून सांडव्यावरनं पाणी सुटलं की मगच नर-मादी वाहतात. कधी ऑगस्टमध्ये सुटतं, कधी सप्टेंबर संपत आला तरी नाही, आणि काही वर्षं तर सुटतच नाही, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. तारीख ठरवून हॉटेल बुक करू नका, धरण भरल्याची बातमी आली की दोनचार दिवसात निघा. रविवार टाळा, सोलापूरची सगळी गर्दी येते.

दुसरं, पाणी महाल म्हणजे वेगळी इमारत नाही, नदीवर जो बंधारा घातलाय त्याच्या पोटातच महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेला. बंधाऱ्याच्या एका टोकाला मुख्य किल्ला, दुसऱ्या टोकाला रणमंडळ हा जोडकिल्ला. पाणी डोक्यावरनं जातं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो, खिडकीतनं समोर पाण्याचा पडदा. ते बघायला पायऱ्या उतरायलाच लागतात आणि त्या वेळी त्या ओल्या, शेवाळलेल्या असतात, अंधार पण असतो. पाणी जास्त असलं की तिकडं जाऊ पण देत नाहीत. तुमच्या वडिलांना खाली नेऊ नका, मनापासून सांगतो. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला तटाजवळ थांबलं की दोन्ही धबधबे समोर दिसतात आणि खरं सांगायचं तर पाणी महालाच्या आतनं धबधबा दिसत नाही, नुसतं पाणी दिसतं. पूर्ण धबधबा बाहेरनंच. दरवाज्यापासून चालणं मात्र बरंच आहे, किल्ला पसरलेला आहे, घडीची खुर्ची गाडीत टाका आणि मधे दोन ठिकाणी बसवा. उपळी बुरूज त्यांच्यासाठी नाही, तोफा बघायच्या तर भावाला एकट्याला पाठवा.

मुक्काम तुळजापूरलाच करा, सोय चांगली आहे, तिथनं नळदुर्ग गाडीनं तासाच्या आत.

प्रतिसाद
एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते. १७ सप्टेंबर म्हणताय तर पंचांग बघून घ्या, भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत तुळजाभवानीची घोरनिद्रा असते, मूर्ती सिंहासनावरनं उचलून पलंगावर निजवतात. दर्शन असतं पण निजलेल्या देवीचं. काही वर्षी आपला मुक्तिसंग्राम दिन नेमका त्यातच येतो. नंतर नवरात्र लागलं की गर्दीत वडिलांना नेणं अवघडच, मंदिर खोलात आहे, महाद्वारातनं आत गेलं की पायऱ्या उतरतच जायचं, आणि उतरलेल्या परत चढायच्या. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळा.

तेर मात्र सोडू नका. धाराशिववरनं तेर आणि तिथनं ढोकी, मुरूड करत लातूर, म्हणजे उलटं यावं लागत नाही. गोरोबाकाकांची समाधी तेरणेच्या काठाला आहे, चालणं फार नाही. त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे, मूळचं बौद्ध चैत्य, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. आणि संग्रहालयात हस्तिदंताची बाहुली आहे, वीतभर पण नाही, रोमन लोकांशी व्यापार चालायचा त्या काळातली. भावाला तिथनं हलवावं लागेल तुम्हाला.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार, पाणी महालाच्या आतनं धबधबा दिसत नाही हे वाचून जीव भांड्यात पडला, मला वाटत होतं की पायऱ्या उतरता आल्या नाहीत म्हणजे अण्णांचं बघायचं राहूनच गेलं. पंचांग बघितलं, १७ तारीख निद्रेतच येतेय. अण्णांना विचारलं तर म्हणाले निजलेली असली तरी आईच आहे, लांबनं हात जोडू. आणि १७ ला नळदुर्गला असायचं हे त्यांच्या मनात बसलंय, कारण १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडनं भारताची फौज निजामाच्या हद्दीत शिरली ती नळदुर्गच्या पुलावरनंच पुढं गेली, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं आणि अण्णा गाडी पुलावर आली की शेजारच्या सीटवरच्या माणसाला सांगायचे. धरण भरलं तर त्या दोनतीन दिवसात, नाही भरलं तर भरेल तेव्हा, रजेचं मी बघते.

आता एक नवीनच निघालंय. अण्णा म्हणतात तुळजापूरपर्यंत तुमच्या गाडीनं येतो, पण नळदुर्गला एसटीनंच उतरणार. पंचाहत्तरीच्या वरच्यांना तिकीट लागत नाही तरी म्हणतात मी तिकीट काढणार, हाफ नाही, फुल. भाऊ गाडी घेऊन मागनं येईल आणि स्टँडवरनं किल्ल्यापर्यंत नेईल. गुडघ्यामुळं त्यांना पुढच्या दाराजवळची सीट लागेल, त्यामुळं तुळजापूर स्टँडवर नळदुर्गकडं जाणाऱ्या गाड्या सकाळी आठ ते दहाच्या मधे किती वेळानं असतात आणि कुठली त्यातल्या त्यात रिकामी असते हे कुणी रोज ये-जा करणाऱ्यानं सांगितलं तर बरं होईल.