सोनूची लीड्सची खोली आणि पोलिसांचा नकाशा

मोठे काका: सोनू, लीड्सला शिकायला गेल्यावर राहायला म्हणून तू पाठवलेले दोन्ही पत्ते इंग्लंडच्या पोलिसांच्या गुन्ह्यांच्या नकाशावर टाकून पाहिले. स्क्रीनशॉट टाकतोय. सिटी सेंटरच्या खोलीभोवती एका महिन्यात शेकड्यांनी गुन्हे दाखवताहेत. अशा ठिकाणी पोरीला एकटीला ठेवायचं?

आई: बघून हातपायच गळाले माझे. सोनू, डिपॉझिट भरलं नाहीस ना?

सोनू: नाही गं. शनिवारपर्यंत सांगायचंय. एक खोली सिटी सेंटरला, विद्यार्थ्यांच्या मोठ्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. दुसरी हेडिंग्लीला, पाच मुलींचं घर, माझी खोली तळमजल्यावर. भाडंही तिथे बरंच कमी आहे.

मोठे काका: मग हेडिंग्लीच. तिथे नकाशावरचे गुन्ह्यांच्या आकड्यांचे गोळे त्या मानाने लहान आहेत. आणि मी मँचेस्टरही पाहिलं बरं का. तिथे जवळजवळ काहीच नाही, स्टेशनापाशी चार-दोन ठिपके. तिथल्या विद्यापीठाचंही ऑफर लेटर आलंय ना? अजून वेळ गेलेली नाही.

आत्या: दादा, थांब. मँचेस्टरचं आधी सांगते, कारण नेमकं हेच पाहून लोक फसतात. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी जुलै २०१९ मध्ये नवी संगणक प्रणाली आणली आणि तेव्हापासून त्यांची आकडेवारी या साइटवर यायची बंद झाली. तुला स्टेशनापाशी जे ठिपके दिसले ते रेल्वे पोलिसांचे. त्यांचा विभाग वेगळा, ते आपली माहिती वेगळी देतात. म्हणजे तिथे गुन्हे नाहीत असं नाही, तिथला कागदच कोरा आहे. उद्या एडिंबरा पाहिलंस तर तेही रिकामं दिसेल, कारण ही साइट इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडपुरती. स्कॉटलंड त्यात नाहीच.

मोठे काका: अरे बापरे. हे तर माझ्या डोक्यातच आलं नसतं.

काकू: मग तो नकाशा पाहायचाच कशाला?

आत्या: पाहायचा, वहिनी. मी बर्मिंगहॅमला दोनदा घर बदललं आणि दोन्ही वेळा पाहिला. फेब्रुवारी २०११ मध्ये हा गल्लीपर्यंतचा नकाशा सुरू झाला तेव्हा इतक्या लोकांनी उघडला की पहिल्याच दिवशी साइट बंद पडली होती. लोकांना आपल्या दारातलं कळायला हवंच असतं. फक्त तो ठिपका काय सांगतो ते माहीत पाहिजे.

ठिपका असतो तिथेच गुन्हा घडलेला असतो असं नाही. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं घर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी आधीच ठरवलेले बिंदू आहेत: रस्त्याचा मध्य, सुपरमार्केट, पार्किंग, नाइट क्लब. गुन्हा जवळच्या बिंदूला चिकटवतात. म्हणून सगळीकडे ‘अमुक ठिकाणी किंवा जवळपास’ असं लिहिलेलं असतं. सोनूच्या इमारतीवर ठिपका दिसला तर तो मागच्या गल्लीतलाही असू शकतो.

बाबा: आणि वेळ? रात्री काय घडतं ते महत्त्वाचं.

आत्या: तेच तर नाही त्यात. तारीख नाही, वार नाही, तास नाही, फक्त महिना. आणि महिनाही दीड-दोन महिन्यांपूर्वीचा.

आई: ताई, पण हिंसा आणि लैंगिक गुन्ह्यांचा आकडा सगळ्यात वर आहे हो. तो वाचून झोप कशी लागेल?

आत्या: वहिनी, ते दोन्ही त्यांनी एकाच खान्यात घातलेत, ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांची ओळख झाकावी म्हणून. त्या खान्यात फोनवरून धमक्या, पाठलाग, छळ, घरातली मारहाण हेही सगळं येतं. यातलं काही हलकं आहे असं मी म्हणत नाहीये. पण तो अख्खा आकडा म्हणजे रस्त्यावर अनोळखी माणसाने केलेला हल्ला, असं वाचू नका. आणि ‘असामाजिक वर्तन’ नावाचा जो खाना आहे त्यात रात्रीचा दंगा, दारू पिऊन आरडाओरडा असलं येतं.

म्हणून एकूण बेरीज पाहायचीच नाही. सिटी सेंटरला राहणारे थोडे आणि येणारे-जाणारे हजारो. दुकानं तिथेच, पब तिथेच. दुकानातल्या चोऱ्या सोनूच्या खोलीत शिरत नाहीत. तिने चारच खाने उघडायचे: घरफोडी, जबरी चोरी, अंगावरच्या वस्तूंची चोरी (म्हणजे खिसा कापणं, मोबाईल लांबवणं) आणि तो हिंसेचा. तेही एका महिन्याचे नाहीत, निदान वर्षभराचे. सप्टेंबर-ऑक्टोबरला नवे विद्यार्थी येतात तेव्हाचे वेगळे पाहायचे.

सोनू: आत्या, आता तसंच पाहिलं. हेडिंग्लीत बेरीज कमी आहे, पण घरफोडी जवळपास दर महिन्याला आहे. शेजारच्या हाइड पार्कलाही.

आत्या: बरोबर. तो विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरांचा जुना भाग. एका घरात पाच लॅपटॉप, पाच फोन आणि सुट्टीत सगळं घर रिकामं, हे चोरालाही ठाऊक असतं. आणि तुझी खोली तळमजल्यावर. दादा, तुझ्या लहान गोळ्यात हे लपलेलं होतं बघ.

मोठे काका: पटलं. पण मग सिटी सेंटरला रात्री पबबाहेरची गर्दी?

आत्या: ते खरंच आहे, ते मी नाकारत नाही. त्यासाठी नकाशा पुरत नाही. सोनू, वर्ग संपल्यावर लायब्ररीपासून दोन्ही पत्त्यांपर्यंतचा रस्ता स्ट्रीट व्ह्यूवर चालून बघ. दिवे कुठे आहेत, दुकानं उशिरापर्यंत उघडी कुठे आहेत, शेवटची बस कितीला, स्टॉपपासून दार किती लांब.

बाबा: नकाशात गुन्ह्यापुढे ‘तपास पूर्ण, संशयित सापडला नाही’ असं कितीदा तरी आहे. म्हणजे चोर सापडतच नाहीत?

आत्या: घरफोडी आणि सायकलचोरीत बहुतेकदा हेच दिसतं. म्हणून विमा काढायचाच. आणि जे लोक पोलिसांत जातच नाहीत त्यांचं या नकाशात काहीच येत नाही. छेडछाड झालेल्या कितीतरी मुली तक्रार करत नाहीत, तिथेही आणि इथेही. सोनू, तुझ्या बाबतीत काही झालं, अगदी कुणी मागे मागे आलं तरी कळवायचं. तातडीचं असेल तर ९९९, नाहीतर १०१. कुणाला त्रास होईल का, असा विचार करत बसायचं नाही.

आई: आणि आम्हालाही कळवायचं. आम्ही घाबरू म्हणून लपवायचं नाही.

सोनू: हो आई. नक्की.

काकू: आपल्याकडे आहे का हो असं काही?

बाबा: गल्लीपर्यंतचं असं मी तरी पाहिलं नाही. एनसीआरबीचा, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचा, अहवाल असतो, त्यात मोठी शहरं आणि जिल्हे. एफआयआर मात्र पोलिसांच्या साइटवर दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये चोवीस तासांत टाकायला सांगितलं, लैंगिक गुन्ह्यांसारखे नाजूक वगळून. पण ते एकेक करून वाचायचे.

मोठे काका: सोनू, मग काय ठरतंय?

सोनू: माझा कल सिटी सेंटरकडे आहे. सातवा मजला, खाली चोवीस तास रिसेप्शन, कार्डाशिवाय दार उघडत नाही. भाडं जास्त आहे, म्हणून बाबांना विचारतेय.

बाबा: भाड्याचं मी बघतो. तू आधी त्यांना मेल कर: रिसेप्शनला रात्री खरंच माणूस असतो की नुसता कॅमेरा, आणि गेल्या वर्षी इमारतीत चोरी झाली का.

आत्या: आणि भाड्यात सामानाचा विमा धरलाय का, तेही. असेल तर पॉलिसीचा कागद मागव, लॅपटॉप खोलीबाहेर चोरीला गेला तर मिळतं का ते वाच. इथे पाठव, मीही पाहते.

सोनू: मेल लिहितेय. पाठवण्याआधी इथे टाकते.