'कागज के फूल' सिनेमातला उजेडाचा तो झोत कसा टिपला?

राजवाडाकर: रिकामा स्टुडिओ, गुरुदत्त आणि वहिदा लांब लांब उभे, मधोमध वरून तिरपा झोत. 1959 साली कुठला दिवा वापरला असेल? आम्ही इंदुरात रामबागेतल्या जुन्या वाड्यात शॉर्टफिल्म करतोय, म्हणून विचारतोय.

चौकटवेडा: अरे, दिवा नाहीच तो, ऊन आहे! कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी एक मोठा आरसा बाहेर उन्हात ठेवला, दुसरा आत वरती, आणि थोडा धूर सोडला. उन्हाचे किरण जवळजवळ समांतर येतात, म्हणून झोत पसरत नाही. दिव्याचा लगेच फाकतो. आणि चौकट बघ. सिनेमास्कोपमधला, म्हणजे खूप रुंद पडद्यासाठी टिपलेला, हा आपल्याकडचा पहिला हिंदी सिनेमा. ती सगळी रुंदी दोघांमधल्या अंतरावर खर्च केलीय. क्लोजअप लावला असता तर मजाच गेली असती.

राजवाडाकर: दादा, चौकात ऊन भरपूर. कपाटाचा आरसा काढला तर आई ओरडेल, पण बघतो. धुराला उदबत्ती चालेल?

सराफ्यातली_ताई: उदबत्तीनं काय होतंय! धुपाटणं पेटव, दारं लावून घे. ऊन सरकतं, तेव्हा आरशापाशी एक माणूस बसव. आणि पांढऱ्या भिंतींवर काळी चादर टाक, नाहीतर उजेड उसळून सावल्या पार फिक्या पडतील.